रोल पुरा होईपर्यंत

मुलुंड स्टेशनजवळच्या त्या इमारतीत वर डोळ्यांचे डॉक्टर होते आणि खाली फोटो स्टुडिओ. गुणाजी सातार्डेकर स्टुडिओतून बाहेर पडले तेव्हा श्रावणातली बारीक सर आली होती, म्हणून ते जिन्याच्या तोंडाशी अंग चोरून उभे राहिले. खांद्याला कॅमेरा होता. तो विकायला आणला होता, पण स्टुडिओवाल्याने हात लावून परत केला. असले चौकोनी, वरून डोकावून बघायचे कॅमेरे आता कुणी घेत नाही म्हणे.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई उतरली आणि सरळ त्यांच्यावर आदळली. त्यांच्या हातातलं पाकीट पडलं, जुने फोटो पायऱ्यांवर विखुरले.

"माफ करा... चूक माझी," गुणाजी म्हणाले.

"तुमचीच. असे बाजूला उभे राहिलात तर मला दिसणार कसे? समोर उभं राहावं माणसानं."

साठीला टेकलेल्या गुणाजींचे कान तापले. ते वाकून फोटो गोळा करू लागले. बाईही खाली बसली. पन्नाशी ओलांडलेली, कानामागे केशरी अबोलीचं फूल, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली. तिच्या हाताला एक फोटो लागला. तो तिने हातभर लांब धरला, जरा डावीकडे नेला... आणि तिचा हात थांबला.

"म्हैस," ती म्हणाली.

"हो. आपल्या तलावातली. पाठीवर बगळा आहे."

"दिसतोय. अहो, अख्खी म्हैस दिसतेय मला." तिचा आवाज एकदम हळू झाला. "हल्ली म्हैस दिसते ती हप्त्याहप्त्यानं. आधी शिंग, मग पाठ, आणि शेपूट येईपर्यंत ती निघून गेलेली असते."

तिचं नाव वनमाला. काचबिंदूने तिचा उजवा डोळा गेला होता. डाव्यात मध्यावर एक गोल उरला होता, दारच्या भोकातून बघावं तसा. ब्लाउज शिवून तिने दोन भावांची शिक्षणं केली, स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि आता सुईही सुटली होती. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं येत नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही.

रस्ता त्या गोलात मावत नव्हता. गुणाजींचे फोटो मावत होते. ते निगेटिव्हच्याच मापाचे, आगपेटीएवढे असत. मोठे करून घ्यावेत असे आपले फोटो नाहीत, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं.

"अजून आहेत?" तिने विचारलं.

"जुने आहेत. आता काढत नाही मी."

"का?"

गुणाजी फोटो पाकिटात भरू लागले. गिरणीच्या टाइम ऑफिसात नोकरी करताना ते रोज म्हणत, एकदा निवृत्त झालो की मनसोक्त फोटो काढीन. निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी बायको गेली. मग सकाळी कॅमेरा घेऊन दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. कशाचा काढायचा? कुणाला दाखवायचा?

"मला दाखवा," वनमाला म्हणाली, जणू त्यांनी ते मोठ्याने विचारलं होतं.

*

दर शनिवारी दुपारी गुणाजी तिच्या घरी जाऊ लागले. दार तिची भावजय नंदा उघडायची आणि आत वळून हाक मारायची, "वन्सं, म्हशीवाले आले."

वनमाला हुकूम सोडायची आणि गुणाजी तो पाळायचे. जोगेश्वरीची लेणी आणा, लहानपणी आत हरवले होते. ते गेले, खांबाला टेकून बसलेली शेळी घेऊन आले. वांद्र्याचा समुद्र आणा. तो आणला तेव्हा ती म्हणाली, "आकाश फार घेतलंत. मला तेवढं परवडत नाही." पुढच्या खेपेला त्यांनी नुसती एक लाट आणली. आता सकाळी जाग आली की ते आधी उजेड बघत. चपला घालताना गुणगुणत... मग आपलंच ऐकून गप्प होत.

पण तो गोल लहान होत होता. श्रावणात म्हैस आणि बगळा एकदम दिसले होते. नवरात्रात नुसती शेळी दिसली, खांब वेगळा शोधावा लागला.

"एक मागू?" ती एकदा म्हणाली. "तुम्हाला मी कधी अख्खं बघितलंच नाही. नाक दिसतं, मग चष्मा, मग नुसता कान. तुमचा फोटो आणा."

"माझ्या तोंडात बघण्यासारखं काय आहे..."

"ते मी ठरवीन ना. बंद होण्याआधी."

गुणाजींनी घरी कॅमेरा टेबलावर ठेवला. रोलमधला शेवटचाच फोटो उरला होता. त्यात एक खटका होता. तो ओढून धावत जाऊन समोरच्या स्टुलावर बसायचं, फोटो आपोआप निघतो. गुडघ्याने दगा दिला. पुढच्या शनिवारी वनमालाने तो फोटो बराच वेळ निरखला.

"स्टूल झकास आहे," ती म्हणाली. "माणूस कुठाय?"

आतून नंदा फिस्सकन हसली. वनमाला उठली. "आणा तो कॅमेरा. मीच काढते."

त्यांनी नवा रोल भरला, कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवून दिला, तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. ते बोट त्यांनी जरा जास्त वेळ धरलं. तिने ते सोडवून घेतलं नाही.

"हलू नका," खाली वाकून ती म्हणाली. वरच्या अंधूक काचेत तिला नुसता आकार दिसत होता. "पहिल्यांदाच तुम्ही माझ्या समोर उभे आहात."

बटण वाजलं.

"उद्या धुवायला टाका," ती म्हणाली.

"रोल पुरा होऊ दे. बारातला एकच झालाय."

"आणि माझा रोल किती उरलाय, ते ठाऊक आहे का?"

गुणाजी हसले. अर्धा रोल धुवायला देणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. त्यांच्या ओळखीत कुणालाच नव्हतं. शिवाय फाल्गुनात डोंगराच्या पायथ्याशी पळस फुलतो. उरलेले फोटो त्याचेच काढू, काळ्यापांढऱ्या फोटोत तिला तो लाल रंग कळणार नाही, पण फुलं कळतील. असं ते मनाशी म्हणत राहिले. खरी भीती वेगळी होती. आपला चेहरा ती अख्खा बघेल... आणि मग?

तोवर ते जुन्या पाकिटांतले फोटो नेत राहिले. ती दर शनिवारी विचारी, "पळस फुलला का?" ते म्हणत, "फुलेल."

पळस फुलला. रोल पुरा झाला. गुणाजी फोटो घेऊन गेले तेव्हा नंदाने दार उघडलं, पण हाक मारली नाही.

वनमाला खिडकीशी बसली होती. "बुधवारी उठले तर नव्हताच तो गोल," ती म्हणाली. "मला वाटलं, अजून उजाडलं नाही."

गुणाजी दाराजवळच्या खुर्चीत बसले. पाकीट त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"आणलाय ना? सांगा मग, काय आहे त्यात."

"फोटो तिरका आलाय," ते कसेबसे म्हणाले. "अर्धं कपाळ कापलंय. कान मोठे आहेत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने..."

"हे तुम्ही आरशात बघून सांगताय. मी काढलेल्या फोटोत काय आहे?"

त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच तो फोटो नीट पाहिला.

"तो माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाहीये."

"मग?"

"थोडा वर बघतोय. बटण दाबणाऱ्या बाईकडे."

"कसा बघतोय?"

खाली गल्लीत कुणाची तरी सायकल गेली. गुणाजींनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.

"तिने तिथून कधी हलू नये... असा."

वनमालाने खिडकीचा गज धरला. मग ती म्हणाली, "हे पळसाच्या आधी सांगायचं होतं हो."

"हो," गुणाजी म्हणाले.

ते उठले. नवा रोल कॅमेऱ्यात घातला, नंदाला बोलावून बटण दाखवलं आणि वनमालाच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लागेल असे बसले. नंदाने एक फोटो काढला.

मग गुणाजी कॅमेऱ्याची कडी फिरवू लागले. कर्र... कर्र... वनमाला कान देऊन ऐकत राहिली.

"इतका वेळ काय फिरवताय?"

"रोल काढतोय. आत्ता धुवायला नेतो."

"एकच फोटो झाला ना?"

"एकच."

"आणि बाकीचे?"

"कोरे राहू देत."

तिने हात पुढे केला. तो थोडा बाजूला गेला, हवेत थांबला. गुणाजी उठून त्याच्या समोर आले.

"आणलात की नीट सांगा," ती म्हणाली. "माझ्या शेजारी कोण बसलंय ते."