मागच्या रांगेचा आवाज

"मागची रांग, आवाज येत नाहीये," असं मी चाळीस रिकाम्या खुर्च्यांना दरडावलं, तर पियानोखालून उत्तर आलं, "सॉरी मॅडम, मी आत्ताच आलोय."

माझा हात हवेतच राहिला. पियानोखालून आधी दोन बूट आले, मग एक पाना, आणि मग केसांत धूळ घेऊन एक माणूस. पियानोचं पेडल दुरुस्त करायला आलाय म्हणाला. कधीपासून आहात, असं मी शक्य तितक्या थंड आवाजात विचारलं. तुम्ही दुसऱ्या रांगेला च्युइंगगम थुंकायला लावलंत तेव्हापासून, असं तो अगदी शांतपणे म्हणाला.

हसायचं तर हसा. पण आमच्या अध्यापक विद्यालयात समूहगानाचा पेपर असतो, आणि तो असाच शिकावा लागतो. हात कधी उचलायचा, श्वास कुठे द्यायचा, गाणं थांबवताना मूठ कशी मिटायची... सगळं आधी खुर्च्यांवर. खरी मुलं मिळतात ती सरावाला दोनदा आणि मग थेट परीक्षेला. गेल्या वर्षी मी नापास झाले होते. यंदा शेवटची संधी. ही हुकली की प्राथमिक शाळेचं प्रमाणपत्र नाही, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

आणि मला प्राथमिक शाळेतच शिकवायचं होतं. मी नऊ वर्षांची असताना गाण्याच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझा आवाज जाड आहे. तू नुसते ओठ हलव." शाळेच्या स्नेहसंमेलनात चार गाणी मी नुसते ओठ हलवले. समोर बसून आई टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं मी गातेय. त्याच दिवशी मी ठरवलं की आपण बाई व्हायचं, आणि कुणालाही असं सांगायचं नाही. आई म्हणते, ही हट्टाला पेटली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. खरं आहे ते.

तर हा पियानोवाला. विद्यालयात सहा पियानो, आणि सगळ्यांना काही ना काही दुखणं. तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, आणि त्याचा पियानो नेमका मी सराव करत असेन त्याच खोलीतला असायचा. आठवडाभर गप्प राहिला. मग एकदा पियानोखालूनच म्हणाला, "एक सांगू? रागावणार नसाल तर."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवेन."

"तुम्ही गाणं काळी एकमध्ये, म्हणजे फार खालच्या पट्टीत सुरू करून देता. तुमच्या गळ्याला ते छान बसतं – फारच छान बसतं. पण आठ वर्षांच्या मुलांना तिथे पाय टेकत नाहीत. त्यांना वरची पांढरी चार हवी."

म्हटलं, आता स्क्रू पिळणारे आम्हाला गाणं शिकवणार. दोन दिवस मनात धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी खऱ्या मुलांबरोबर सराव होता. मी सूर दिला, हात उचलला, आणि चाळीस मुलं सर्दी झाल्यासारखी घोगऱ्या आवाजात गुरगुरू लागली. मोठ्या माणसांची खोडच ही, आपल्या सोयीचा सूर मुलांच्या गळ्यात मारायचा. गेल्या वर्षी मी नापास का झाले, ते मला तेव्हा कुठे कळलं.

शुक्रवारी मीच पियानोखाली वाकले आणि म्हटलं, शिकवा.

त्यानं खिशातून नादकाटा काढला. सूर लावायचा दोन दातांचा काटा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. गुडघ्यावर आपटला आणि त्याचं टोक माझ्या कानामागच्या हाडाला टेकवलं. "ही पांढरी सहा. इथून दोन पायऱ्या उतरा, की पांढरी चार. ऐकू येतंय?"

ऐकू येत होतं. फक्त नादकाटाच ऐकू येत होता असं मात्र नाही... पण मी मान डोलावली. तो म्हणाला, ठेवा तुमच्याकडे, परीक्षेनंतर द्या.

मग मी हात धुऊन त्या सुराच्या मागे लागले. बसमध्ये नादकाटा, जिन्यात नादकाटा, स्वयंपाकघरात भाजी ढवळताना नादकाटा. माझा गुडघा काळानिळा पडला. आई म्हणाली, या गुडघ्याचं कारण लोकांना काय सांगायचं ते तरी सांगून ठेव. सूर सापडू लागला, पण तिथवर चढताना आवाज फाटायचा, आणि घाबरले की गळा आपोआप खाली, स्वतःच्या घरी पळायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पियानोवाला पाना पुसत म्हणाला, उद्या तो शेजारच्या खोलीत काम करत असेल. भिंत पातळ आहे. तिथे त्यानं पांढरी चार एकदाच, हलकेच वाजवली तर...

"कुणाला कळणार नाही," तो म्हणाला.

"मला कळेल. न गाता टाळ्या घेऊन झाल्यात माझ्या एकदा. पुन्हा नाही."

त्यानं पाना पिशवीत टाकला. मग म्हणाला, ठीक आहे, येतच नाही.

"या की," मी म्हटलं. "फक्त हात आवरून बसा."

परीक्षक बाई चष्मा लावून बसल्या होत्या, शेजारी आमच्या समूहगानाच्या बाई. समोर चाळीस मुलं. मी नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानामागे लावला, सूर अगदी स्वच्छ आला – आणि गाऊन दाखवताना गळा घसरला. काळी एक! मुलं गुरगुरू लागली. परीक्षक बाईंचं पेन उचललं गेलं. आमच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

मी मूठ मिटली. गाणं थांबलं. परीक्षेत गाणं थांबवलं की गुण जातात, हे मला पाठ होतं. पण ती मुलं माझ्या चुकीपायी गुरगुरत होती, आणि ते मला ऐकवेना.

"चूक माझी आहे," मी मुलांना सांगितलं. "फार खाली नेलं मी तुम्हाला. पुन्हा घेऊ."

भिंतीपलीकडचा पियानो गप्प होता. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, आणि तो वाजवणार नाही हेही. मला एकदम धीर आला. नादकाटा पुन्हा आपटला, दोन पायऱ्या उतरले आणि पांढरी चार गाऊन दाखवली. वर आवाज फाटला. दोघंतिघं खुदकन हसली, मीही हसले आणि हात उचलला.

आणि मुलं गायली. मोकळी, वर, खिडक्या उघडल्यासारखी.

शेवटच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते ओठ मी कुठेही ओळखले असते. ताल देत देतच मी जागा सोडून तिच्यापर्यंत गेले आणि माझ्या जाड आवाजात तिच्याबरोबर गाऊ लागले. तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या ओळीनंतर तिचा आवाज बाहेर आला, माझ्यासारखाच जाड. मी गप्प झाले, पण ती गातच राहिली.

जागा का सोडली, असं परीक्षक बाईंनी विचारलं. म्हटलं, मागच्या रांगेचा आवाज येत नव्हता. त्यांनी काहीतरी लिहिलं, मान न उचलता म्हणाल्या की सुरुवात चुकली त्याचे गुण कापलेत. मग मान उचलून म्हणाल्या की पास आहेस. आमच्या बाईंनी माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

मी धावतच शेजारच्या खोलीत गेले. पियानोवाला स्टुलावर बसला होता, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून.

"हात बधिर झालेत," तो म्हणाला. "पहिला सूर चुकला तेव्हा फार कठीण गेलं."

मी नादकाटा पुढे केला. आता या पियानोचं किती काम उरलंय, असं विचारलं. काहीच नाही म्हणाला. सहाही पियानो दोन आठवड्यांपूर्वीच झाले होते. ते पेडल तर पहिल्याच दिवशी.

"मग इतके दिवस पियानोखाली काय करत होतात?"

तो पट्ट्यांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले... आवाज काही आला नाही.

मी सरळ उभी राहिले, मुलांसमोर उचलते तसा हात उचलला आणि त्याला श्वास दिला. "मागची रांग, आवाज येत नाहीये."

त्यानं श्वास घेतला. "तू मला आवडतेस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मधेच फाटला. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, पट्टी चुकली.

"पुन्हा घेऊ," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा म्हटलं, आणि या वेळी मीही त्याच्याबरोबर म्हटलं, माझ्या जाड आवाजात, चांगलं मोठ्यानं. भिंत पातळ होती. पलीकडे चाळीस मुलं अजून बसली होती, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.