ब्रेकवरचा पाय

पेट्रोल पंपाच्या कडेला सावली बघून तिनं गाडी लावली आणि सवयीनं ती शेजारच्या सीटवर येऊन संत्रं सोलत बसली. मोटार शिकवता शिकवता तीच तिची हक्काची जागा झाली होती. टपावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी, पायाशी शिक्षकाचा वेगळा ब्रेक. गावात तिला सगळे ब्रेकबाईच म्हणत. कित्येक वर्षांनी सुट्टी मिळाली होती, समुद्रापर्यंत जायचं होतं आणि सोबतीला आलेली मावशी मागच्या सीटवर विणकाम मांडीवर टाकून घोरत होती.

तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. विस्कटलेल्या केसांचा एक उंच तरुण धापा टाकत आत येऊन बसला.

"सॉरी... उशीर झाला. सुरू करू या?"

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. पण त्या सीटवर माणूस बसला की हिच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडायचं.

"आधी सीट पुढे घ्या. मग आरसे."

त्यानं सीट पुढे घेतली, आरसे लावले. गाडी शिंका आल्यासारखी आचके देत पंपाबाहेर पडली, चौक ओलांडून पुढे गेली, आणि मग कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, पण तुम्ही कोण?"

"आज माझा पहिला तास ना? तुमच्या शाळेनं पंपावर थांबायला सांगितलं होतं."

"माझी शाळा इथून दिवसभराच्या वाटेवर आहे!"

त्यानं कचकन ब्रेक दाबला. मावशी दचकून उठली. "आला का समुद्र?"

समुद्र आला नव्हता, आणि पंपावर परत जाऊन वाट पाहिली तरी त्याच्या शाळेची गाडीही आली नाही. तेवढ्या वेळात मावशीनं त्याची कुंडली काढली. तो दातांचा डॉक्टर होता. स्वतःची सुट्टी संपली की समुद्राकाठच्या एका गावी दवाखान्यात रुजू होणार होता. आसपासच्या खेड्यांत फिरायचं म्हणजे गाडी येणं भाग होतं. शिकाऊ परवाना खिशात होता, हात मात्र कोरा.

"आपणही तिकडेच चाललोय," मावशी म्हणाली. "शिकव की जाता जाता."

"मावशी, मी सुट्टीवर आहे!"

"तू? अगं, तू झोपेतसुद्धा ब्रेक दाबतेस."

झालं. तो खोलीवरून बॅग घेऊन आला, आणि मग रिकामा रस्ता आला की तो चालवायचा, गर्दी आली की ती. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की हा चालवताना काहीतरी पुटपुटतो.

"घाबरू नकोस हं... जरासं दाबल्यासारखं वाटेल... झालंच!"

"कुणाशी बोलताय?"

"गिअरशी."

"तो ऐकतो तुमचं?"

"अक्कलदाढ ऐकते, मग यानं काय घोडं मारलंय?"

तिला हसू आवरेना. शिष्यासमोर हसायचं नाही हा तिचा नियम, म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली. तो नियम संध्याकाळपर्यंतही टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरात पावसानं गाठलं. काचा धुरकटल्या. गाडी कडेला घेऊन तो बाहीनं काच पुसू लागला. तिनंही हात पुढे केला, कोपराला कोपर लागलं... आणि दोघंही काच सोडून भलतीकडेच बघू लागली.

"निघायच्या आधी आरशात बघा," ती घाईघाईनं म्हणाली.

"बघतोय."

"मागची गाडी दिसते?"

"नाही. तुम्ही दिसताय."

"म्हणजे आरसा चुकीचा लावलाय."

"मला तर अगदी बरोबर वाटतोय."

मागून मावशीच्या घोरण्याचा आवाज एकाएकी वाढला.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मावशीनं सुया बाजूला ठेवल्या. "उद्या तो उतरेल. तू परत जाशील. बोलणार आहेस का काही?"

तिनं उगाचच उशी झटकली. मागे एक स्थळ आलं होतं. त्या मुलाच्या गाडीत बसून तिनं त्याला दोन-तीन चुका दाखवल्या, तर 'मला बायको हवीय, वाहतूक पोलीस नको' असा निरोप आला. घरात सगळे पोट धरून हसले, तीही हसली. पण ते वाक्य काट्यासारखं आत राहिलं होतं. हा दातवाला तिला आवडला होता, मनापासून आवडला होता, आणि यालाही आपला कंटाळा आला तर? तिनं ठरवून टाकलं. उद्या एका शब्दानंही टोकायचं नाही.

सकाळपासून ती नुसती गोड हसत होती. त्यानं चुकीचा गिअर टाकला, ती म्हणाली, "छान!" इंडिकेटर विसरला, तरी "छान!" तो तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघू लागला. मग एक वळण आलं. तो वेगात होता, तिला स्पष्ट दिसत होतं. पाय ब्रेककडे गेला... आणि तिनं तो मागे घेतला. व्हायचं तेच झालं. गाडी रस्ता सोडून घसरली आणि कोबीच्या शेतातल्या चिखलात जाऊन बसली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मावशी तेवढी लोकरीत गुरफटली होती. दोघं बाहेर उतरली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्हाला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? तुमचा पाय ब्रेकवर असतो म्हणून मी निर्धास्त असतो! मावशींना लागलं असतं तर?"

तो पहिल्यांदाच चिडला होता. तिचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं. फार चुकलं... सारखी टोकणारी बाई कुणालाच नको असते. मला वाटलं, आज गप्प बसले तर... तर मी तुम्हाला आवडेन."

तो बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला.

"दिवसभर लोकांना 'तोंड उघडा, तोंड उघडा' सांगणारा माणूस मी. आणि जिचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं, ती नेमकी तोंड मिटून बसली! अहो, कालपासून मी मुद्दाम गिअर चुकवतोय."

"मुद्दाम?"

"सगळे नाही," तो ओशाळला. "बरेचसे खरेच चुकले. पण तुम्ही रागावलात की मला बरं वाटतं. या गाडीतून उतरायचंच नाहीये मला... आत्ता तुमचा हात धरला, तर चूक होईल का?"

तिनं नाक पुसलं आणि थेट त्याच्याकडे बघितलं.

"चूक? अरे, कालच धरायला हवा होतास! इतका उशीर करतात का?"

त्यानं मुकाट्यानं हात धरला.

"भांडून झालं असेल तर धक्का मारा आता!" मावशी गाडीतून ओरडली.

दोघं धक्का मारायला लागली. पण मारत होती एकेकाच हातानं, त्यामुळे गाडी काही केल्या हलेना.