पलीकडच्या टोकाचा माणूस

जमिनीखालची केबल बिघडली की लोकांना वाटतं, मशीन लावलं की ते बोट दाखवून सांगतं, इथं खणा. तसं असतं तर पगार माझ्याऐवजी मशीनलाच मिळाला असता. मशीन फक्त अंतर सांगतं, तेही अंदाजानं. मग केबलमध्ये विजेचा जबर दाब सोडायचा. बिघाडाच्या जागी जमिनीखाली 'धप्प' असा आवाज होतो, आणि कानाला हेडफोन लावून तो धप्प शोधत रानोमाळ हिंडायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो तसंच हे काम. फरक इतकाच की आमचा रोगी आधीच पुरलेला असतो.

त्या दाबापुढं माणूस टिकत नाही; तो चढायला लागला की तारेजवळच्या हातावरचे केस आधी उभे राहतात. म्हणून केबलच्या दुसऱ्या टोकाला आपला एक माणूस बसवावाच लागतो. तिकडं कुणी हात लावू नये, एवढंच त्याचं काम. माझ्या दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षं पुंजारामनाना बसले. गाव भोकरदनच्या पलीकडं, बोलणं कमी, बिडी जास्त. मोबाइलला रेंज नसेल तिथं आम्ही आपापसात एक इशारा ठरवला होता. नानांनी केबलमधल्या तारेचं उघडं टोक तिच्या धातूच्या कवचाला टेकवलं की माझ्याकडच्या मीटरची सुई शून्यावर पडायची. टोक उचललं की सुई वर. दोनदा टेकवलं म्हणजे 'मी बाजूला झालो, दे.' तो इशारा आल्याशिवाय मी बटणाला हात लावत नसे. नाना एकदा टेकवायचे, मधे बिडीचा एक झुरका घ्यायचे, आणि मग दुसऱ्यांदा टेकवायचे. सुईवरून मला तो झुरकासुद्धा कळायचा.

दिवाळीनंतर नाना झोपेतच गेले. खांदा द्यायला मी होतो. माझ्या जालन्याच्या खोलीवर तसंही वाट बघणारं कुणी नाही. नानांशी दिवसभरात चार शब्द व्हायचे नाहीत, पण सुई पडली की तिकडं आपलं माणूस आहे असं वाटायचं. ते गेल्यावर फार एकटं वाटायला लागलं. पण सांगणार कुणाला? मीटरच्या सुईची आठवण येते म्हटलं तर लोक हसतील.

उन्हाळ्याच्या तोंडाला कुंभार पिंपळगावच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका पंपहाउसची केबल गेली. गावांत टँकर सुरू झाले होते. मी रस्त्याकडेच्या केबलच्या डब्याजवळ गाडी लावली आणि गाडीतलं मशीन जोडलं. पंपहाउस खाली नदीच्या पात्राला लागून, आणि तिथं रेंजच्या नावानं शिमगा. पलीकडच्या टोकाला बसायला पंपाचे ऑपरेटर तातेराव तयार झाले. त्यांना मी इशारा दोन-दोनदा शिकवला.

"बराबर ध्यानात आलं ना?"

"आलं की साहेब. दोनदा टेकवायचं अन् जल्दी बाजूला व्हायचं. पर तवर काही सोडू नका. घरी बायको जेवाया वाट पाहून राह्यली."

"इशारा आल्याबिगर मी बापालाही करंट देत न्हाई," मी म्हणालो. तातेराव हसले आणि फटफटी काढून उताराला लागले.

ऊस तुटून गेलेला. रानात नुसतं पाचट, आणि त्यावरून ऊन थरथरत वर चढत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मीटरचे चिमटे तारेला लावले आणि डब्याच्या सावलीत टेकलो.

सुई पडली. वर गेली. थोडी थांबली. पुन्हा पडली.

माझा हात सवयीनं बटणाकडं गेला. खरं सांगतो, आधी भीती वाटलीच नाही. आधी बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी घरचं कुणी भेटावं तसं. मग समोर लक्ष गेलं. उतारावर तातेरावांच्या फटफटीचा धुरळा अजून उडत होता. ते निम्म्या वाटेवरसुद्धा पोचले नव्हते.

चिमटा ढिला असेल, असं म्हणून मी तारेची टोकं पॉलिश पेपरनं घासली आणि चिमटे पुन्हा कसले. आमच्या कामात भुतं नसतात. ढिले चिमटे, ओल आणि उंदीर असतात. मग अंतर सांगणारं मशीन लावलं. पडद्यावर रेघ सरळ गेली आणि मधेच टपकन वर उचलली गेली. दुसरी तार लावली. तिसरी लावली. तेच. तिन्ही तारा एकाच जागी पार तुटलेल्या. म्हणजे तातेराव तिकडं संध्याकाळपर्यंत टेकवत बसले तरी इकडं माझ्या सुईला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

खात्री करावी म्हणून मीटर परत लावला.

सुई पडली. झुरक्याएवढी थांबली. परत पडली.

मी बघतच राहिलो. जरा वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. दे. दे. नाना कधी असे घाई करायचे नाहीत.

मला घाम फुटला, तो तातेरावांसाठी. तुटलेल्या जागेवरून मीटरचा इशारा जात नाही, पण दाबाची गोष्ट वेगळी. तो फट ओलांडून उडी मारतो आणि दुसऱ्या टोकाला पोचतो. एव्हाना तातेराव पोचून इशारा द्यायला तार हातात धरून बसले असणार. मी बटण दाबलं असतं तर त्यांच्या बायकोला ताट झाकून ठेवायचीही गरज उरली नसती.

मी मशीन बंद केलं, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि पाचटातून चालत सुटलो. गाडी नेता येत नव्हती, ती केबलला बांधलेली. मी हाका मारत होतो. आवाज रानात जात होता आणि तिकडंच विरत होता. केबलच्या खुणेचे दगड एकामागून एक मागं पडत गेले. एवढ्या मोठ्या रानात आपल्याखेरीज कुणी नाही, हे मला त्या दिवशी चालताना जेवढं टोचलं तेवढं नानांना पोचवून आल्यावरही टोचलं नव्हतं.

पंपहाउसला एकच दार. आत तातेराव उपड्या डब्यावर बसले होते. मुठीत उघडी तार.

"सोडा ती!" मी दारातूनच ओरडलो.

"कशी सोडू साहेब? तुमच्या माणसानं धरून बसाय सांगितलं."

"माझा कोणता माणूस?"

"ते म्हातारं. मी आल्तो तवा हितंच बसेल होतं. म्हणलं, तू नुसता धरून बस, इशारा मी देतो."

"कुठंय ते?"

तातेरावांनी मोटारीच्या बाजूला पाहिलं, मग दाराकडं, मग माझ्याकडं. "आत्ता तर होतं. तुमच्या बाजूनंच गेलं असंल की."

माझ्या बाजूनं कुणी गेलं नव्हतं. तातेरावांची बोटं आखडली होती. मी एकेक बोट उकलून तार काढून घेतली. मशीन बंद, चावी माझ्या खिशात, केबल मधेच तुटलेली. तारेत काही असायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी ती उघड्या हातानं बेधडक धरली.

तातेरावांनी हात चोळला आणि ते दाराशी गेले. त्यांचा जीव वाचला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. उंबऱ्यावर ते थांबले.

"अजून एक म्हणलं ते."

"काय?"

"म्हणलं, गोरख्या येईल. त्याच्या हातात दे अन् मंग तू घरी जा."

तातेराव मला साहेब म्हणतात. ऑफिसात मी गोरक्षनाथ. गोरख्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि त्याला मी खांदा दिला होता.

बाहेर फटफटी सुरू झाली आणि आवाज हळूहळू चढण चढत लांब गेला. मग काहीच ऐकू येईना.

मी तार टाकून द्यायला हवी होती. टाकली नाही. कुणीतरी माझं नाव घेऊन मला बोलावलं होतं.

भीतीनं काटा येतो तो सगळ्या अंगावर येतो. मी स्वतःकडं नीट पाहिलं. डावा हात होता तसाच होता. मानेवर काही नव्हतं. फक्त तार धरलेल्या हातावरचे केस, मनगटापासून कोपरापर्यंत, हळूहळू उभे राहत होते.