काळ्या दोरीचा दगड

टक्!

दुपारच्या शांततेत ओसरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. सुझुनं कपाटातून तो दगड काढला होता. मुठीएवढा, काळ्या दोरीनं चारी बाजूंनी बांधलेला.

"आई, हा कुणी बांधला?"

"बाबांनी."

"का?"

लग्नाआधीची गोष्ट. मात्सुए गावी मी एका दिवसापुरती आले होते. दुसऱ्या दिवशी घरी, ओकायामात, एक दंतवैद्य लग्नासाठी मला बघायला येणार होता. मावशीनं हॉटेलातलं जेवणसुद्धा ठरवून टाकलं होतं. त्याआधीचा एक दिवस माझा, एवढाच माझा हट्ट.

मंदिराच्या बागेत पावसाची भुरभुर सुरू होती. वाटेवरच्या सपाट दगडावर असाच एक बांधलेला दगड बसला होता. कुणीतरी विसरलं असेल, म्हणून मी तो उचलून कडेला ठेवला. पुढे चार पावलं टाकली, आणि पाय थेट मऊ शेवाळात.

"अहो बाई! दगड दिसला नाही का?"

पाइनच्या झाडामागून एक तरुण माळी धावत आला. डोक्याला फडकं, गालाला चिखल.

"दिसला की. नीट उचलून ठेवलाय."

त्यानं कपाळाला हात लावला. "इथून पुढे येऊ नका, असा अर्थ असतो त्याचा!"

"मग पाटी लावा ना."

"पाटी ओरडते. हा विनंती करतो. ओलांडणं कुणालाही जमतं... म्हणूनच कुणी ओलांडत नाही. तुम्ही सोडून."

त्याचं नाव सोइचि. शिक्षा म्हणून त्यानं मला शेजारी उकिडवं बसवलं आणि उखडलेलं शेवाळ दाबायला लावलं.

"हळू... थोपटा. बाळाला झोपवल्यासारखं."

"बराच अनुभव दिसतोय!"

त्याचे कान लाल झाले. मी उगाचच आणखी थोपटत राहिले.

दुपारी त्याच्याच छत्रीतून सोबा नूडल्स खायला गेलो; माझी छत्री बागेतच विसरली. एकावर एक तीन लाल वाट्या. नूडल्सवर घालायचा सगळा रस मी पहिल्याच वाटीत ओतला.

"अहो, उरलेला पुढच्या वाटीत ओतायचा असतो," तो हसला. "सगळं एकदम संपवायची काय घाई?"

"घाई आहेच. साडेचारची गाडी," मी म्हटलं. आणि हसत हसत दंतवैद्याचंही सांगून टाकलं.

त्याच्या काड्या थांबल्या. म्हणाला, "दात... चांगले राहतील तुमचे."

एवढंच!

चारला माझी छत्री घ्यायला बागेत परतलो. छत्री शोधून वळते, तर हा गायब. साधा निरोपसुद्धा नाही? रुसूनच मी फाटकाकडे निघाले... आणि थबकले.

बाहेर जाणाऱ्या वाटेच्या शेवटच्या पायरीवर काळ्या दोरीचा दगड. गाठ घाईत मारलेली, वाकडी.

तो पाइनखाली उभा होता, फडकं पिळत.

"इथे तर शेवाळ नाही," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

"ओलांडता येतो. सकाळी सांगितलंच होतं... फक्त —"

मी छत्री मिटली. भुरभुर चेहऱ्यावर आली.

"सकाळी न विचारता उचलला. आता विचारते. उचलू?"

"नको." आवाज इतका हळू, की पावसातच विरला असता.

"मग सोइचिसान... मावशीला फोन कुठून करू, तेवढं सांगा."

सुझुला सांगताना दंतवैद्य वगळायचा ठरवूनही शेवटी तो गोष्टीत आलाच. सुझु त्या वाकड्या गाठीवरून बोट फिरवत राहिली. मग मान वर करून म्हणाली,

"आई, बाबांना गाठ मारायला उशीर झाला असता... तर मी कुठे असते?"