नटावरची लाल रेघ

विमान बांधायला घेतलं तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर झाडांना पाणी घालील, संध्याकाळी पाय मोकळे करील, तर यानं गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीशेजारी पत्र्याची शेड घेतली आणि दोन माणसांचं विमान जोडायला बसला. तिथली मंडळी त्याला 'लिफ्टवाला' म्हणायची. वर जायची सवयच आहे त्याला, म्हणून हसायची. बायको मात्र हसली नाही. ती आपलं शिवणकामाचं दुकान दुपारी लवकर बंद करून शेडवर येऊ लागली.

दोघांच्या कामाची एक रीत होती. नट तो आवळायचा, तपासायची ती. ज्यानं आवळलं त्यानंच तपासायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला जुना नियम. शिवण पक्की आहे का ते ओढून बघावं तशी ती प्रत्येक वायर ओढून बघायची आणि मग नेलपॉलिशच्या ब्रशनं नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक लाल रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लांबूनही कळतं. ती डावखुरी होती. तिची रेघ उजवीकडून डावीकडे जायची आणि ब्रश उचलताना शेवटी वर बारीकसं वळण घ्यायची. स्वतःची नखं तिनं कधी रंगवली नाहीत. दुकानातली मुलगी म्हणाली होती, "काकू, हा रंग शोभेल तुम्हाला." ही म्हणाली, "मला कशाला? विमानाला हवाय."

इंजिन बसलं, आता थोडकंच राहिलं, आणि एका सकाळी कपबशा विसळता विसळता तिचं हृदय बंद पडलं.

"लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत," दवाखान्याच्या बाकावर तो मुलीला म्हणाला. "एक तुटला तर बाकीचे धरतात. माणसाला एकच हृदय. हे पास कोणी केलं?" मुलगी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना धीर देणारी बाई. तिनं नुसता त्याचा हात धरून ठेवला.

शेडला कुलूप लागलं ते लागलंच. तो जेवायचा, झोपायचा, विचारलं तर बोलायचा, आणि दिवसेंदिवस विझत चालला होता. शेवटी मुलीनंच किल्ली शोधून त्याच्यापुढे ठेवली. "बाबा, पुरं करा ते. आईसाठी नको, तुमच्यासाठी करा." तिच्या कानांत आईच्या कुड्या होत्या. त्या तिनं दवाखान्यात घातल्या त्या काढल्याच नव्हत्या.

राहिला होता फक्त कंट्रोलर. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारी विजेची डबी. इंजिन कितीही भारी असो, ही डबी रुसली की सगळं संपलं. त्यानं दोन मागवून घेतल्या. एकीत दोन मेंदू होते, दोन्हींचा वीजपुरवठा वेगळा, एक मेला तर दुसरा सांभाळणार. बोजड होती, पण लिफ्टवाल्याच्या मनासारखी. दुसरी सडपातळ, हलकी, एकाच मेंदूची. विमानाचा नाद सोडलेल्या कुणीतरी विकायला काढलेली.

"ही कशाला आणलीत?" मुलीनं विचारलं.

"बघायला."

दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे बघते तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला वर जाऊन परत यायचंय ना, बाबा?"

"म्हणजे काय!" तो म्हणाला. पण ते म्हणताना तो सडपातळ डबी हातात फिरवत होता, आणि तिला ते दिसलं.

विमान शेडमागच्या खांबाला साखळीनं बांधून त्यानं दोन्ही डब्या आळीपाळीनं चालवून बघितल्या. दोन मेंदूंची डबी कुठेच अडली नाही. एक बटण बंद केलं की इंजिन किंचित दबायचं आणि लगेच सावरायचं. सडपातळ डबी गार असेतो गुणी पोरासारखी वागली. तापल्यावर मात्र इंजिनाला मध्येच एक उचकी लागली. एकच, पण हवेत तेवढी पुरते. त्यानं ती खोलून कपाटात ठेवून दिली. विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी काहीतरी घ्यायला कपाट उघडलं, तर त्या डबीच्या चारही स्क्रूंवर लाल रेघा होत्या.

उजवीकडून डावीकडे. शेवटी बारीकसं वळण.

आपणच कधीतरी मारल्या असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. फळीवरची बाटली उतरवून बघितली. रंग कधीच आळून दगड झाला होता, ब्रश आत घट्ट रुतलेला. डबीवरच्या रेघेला बोट लावलं तर बोट लाल झालं. शेडमध्ये नेलपॉलिशचा तो उग्र, गोडसर वास होता. किती दिवसांनी तो वास आला, म्हणून त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भीती नंतर वाटली.

त्यानं रेघा पुसून काढल्या. सकाळी त्या परत होत्या. तिच्या रेघेवर आजवर त्यानं डोळे झाकून विश्वास टाकला होता. मग ही रेघ बिघडलेल्या डबीवर का?

मुलीला दाखवलं. तिनं डबी उजेडात धरून चारही रेघा एकेक करून बघितल्या.

"बाबा, ह्या तुम्ही मारल्यात."

"मला उजव्या हातानं सरळ रेघ येत नाही, डाव्यानं कुठली?"

"मग मला सांगू नका कोणी मारल्या ते." तिचा आवाज फाटला. "माझी आई तुम्हाला ही डबी लावा म्हणणार नाही. ती बघून बघून पक्कं करणारी बाई होती." तिनं डबी उचलली, गाडीत टाकली आणि घेऊन गेली. जाताना वाटेत ती नदीत फेकून दिल्याचं तिनं फोनवर सांगितलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून दोन मेंदूंची डबी विमानात बसवली. तो आवळत गेला, ती आईच्या जागी बसून तपासत गेली. नवी बाटली आणली होती. तिची रेघ डावीकडून उजवीकडे, जाडसर, बिनवळणाची. "दाढ भरल्यासारखी मारतेस गं," तो म्हणाला, आणि किती तरी महिन्यांनी दोघं हसली.

सकाळी तो एकटाच शेडवर आला. इंजिनाचं झाकण उघडलं.

मुलीची एकूण एक रेघ तुटलेली होती.

प्रत्येक नट सैल झाला होता. थोडासाच. वर गेल्यावर थरथरीनं आपोआप सुटेल, इतकाच.

तो खाली फरशीवर बसला. आता न कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. बायको त्याला बोलावत होती. आणि खरं सांगायचं तर त्याला जायचं होतं. घरातल्या त्या एका कपाला, अंथरुणाच्या गार बाजूला तो इतका कंटाळला होता की ते सैल नट तसेच ठेवून उडावं, असं त्याला मनापासून वाटलं. पाना हातात होता. तो बराच वेळ नुसता हातातच राहिला.

"मला कळतंय गं," तो मोठ्यानं म्हणाला. "मलाही तेच हवंय. पण पोरगी एकटी पडेल. तिला दुसरं कोण आहे? तिला इथे टाकून मला येता येणार नाही."

शेडमध्ये कुठेतरी वायर ओढून बघितल्यासारखा बारीक आवाज झाला.

मग वासही गेला.

त्यानं सगळे नट पुन्हा आवळले. मुलगी आली, तुटक्या रेघा पुसून तिनं नव्या मारल्या. त्यानंतर त्या रेघा कधी तुटल्या नाहीत. रोज सकाळी तो बघायचा, रोज त्या जशाच्या तशा. बायकोनं ऐकलं, असं त्याला वाटलं. ते पटलं त्या दिवशी तो शेडमागे जाऊन पोटभर रडला. तिनं खरंच त्याला सोडलं होतं, आणि ते त्याला तिच्या जाण्याहून जड गेलं.

पहिल्या उड्डाणाला नियमाप्रमाणे एकानंच जायचं असतं. निरभ्र सकाळ होती. उडण्याआधी त्यानं दोन्ही बटणं एकेक करून बंद-चालू केली, इंजिन दबलं, सावरलं. धावपट्टी मागे पडली. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्यानं बघितलं नाही. दोन गिरक्या घेतल्या, इंजिन एकदाही उचकलं नाही, आणि तो चाकं अलगद टेकवून परत आला.

परत आला. मुलीला दिलेला शब्द पुरा झाला.

ती धावत आली. वाऱ्यानं केस उडू नयेत म्हणून तिनं ते वर घट्ट बांधले होते. लहान असताना पडायची तशी ती त्याच्या गळ्यात पडली.

"भीतीनं जीव गेला असता माझा," ती हसत, रडत म्हणाली. "पुढच्या वेळी मी येणार हं बाबा. ती सीट रिकामी बघवत नाही."

तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. तिचा कान त्याच्या डोळ्यांसमोर होता. आईची कुडी, मागे तिची छोटी फिरकी.

फिरकीवरून कानाच्या पाळीपर्यंत एक लाल रेघ होती. उजवीकडून डावीकडे. शेवटी बारीकसं वळण.

त्यानं अंगठा लावला. रेघ ओली होती.