दुसरी खाच

पटवून देण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. आई त्या दुकानात हजर होती आणि आईला थापा मारता येत नाहीत, एवढंच सांगतो.

रविवारची दुपार होती. फरशीच्या दुकानावरचा मजला, व्यायामाच्या मशीननी गच्च भरलेला. बाहेर लख्ख ऊन. भुतांना रात्रच लागते, असं कुणी सांगितलं?

मामी गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

मामा ताडमाड, मामी जेमतेम त्याच्या खांद्याला. तो तिला चिमणी म्हणायचा. लोक दोघांना शिडी आणि स्टूल म्हणायचे. दोघं जोडीनं जिमला जायची, एकाच मशीनवर आळीपाळीनं बसायची. एक सेट त्याचा, एक तिचा. दर वेळी तिनं सीट खाली घ्यायची, त्यानं वर.

ती गेली आणि मामाचं जिम सुटलं. जेवण सुटलं. तो रडलासुद्धा नाही. कुणी विचारलं तर "बरं आहे" म्हणायचा.

शेवटी आईच त्याला ओढून दुकानात घेऊन गेली.

"घरी मशीन घे, पण हातपाय हलव. मला माझा भाऊ परत हवाय."

विक्रेता भलंमोठं मशीन गळ्यात मारायला बघत होता. चौघांना एकदम व्यायाम करता येईल असं.

"अहो, खोली केवढी, मशीन केवढं!" आई म्हणाली. "एकटा माणूस आहे तो. छाती आणि पाठ एकातच होईल असं साधं दाखवा."

त्यानं कोपऱ्यातलं दाखवलं. मामाची उंची बघून सीट वर घेतली, पाचव्या खाचेत. खट्. पिन बसली.

मामानं दांडे ढकलले. एक सेट झाला. उठला, रुमालानं सीट पुसली... आणि बाजूला उभा राहिला.

सवय, दुसरं काय.

"ताई, तुम्ही बसताय का?" विक्रेत्यानं आईला विचारलं.

"मी? माझी कंबर धरली तर मला उचलून नेणार कोण?"

तो हसला. आई त्याला मशीन घरी कोण जोडून देणार ते विचारू लागली. तेवढ्यात मागून आवाज आला...

खट्.

मामा परत बसला. त्याचे गुडघे छातीपाशी आले.

सीट दुसऱ्या खाचेत होती.

"असं कसं?" विक्रेता पिन चाचपू लागला. "ओढल्याशिवाय ही हलतच नाही हो."

आईनं वळून सीटकडे पाहिलं. दुसरी खाच कुणाची, हे तिला ठाऊक होतं.

मामाला भीती वाटली नाही. आनंदही झाला नाही.

"हेच द्या," तो म्हणाला.

मशीन घरी मागच्या खोलीत आलं. मामा रोज व्यायाम करू लागला. सेट झाला की सीट पुसायची, खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं.

मग... खट्.

वजनं हलल्याचा आवाज नाही. श्वासाचा नाही. थोड्या वेळानं मामा वळायचा, सीट वर घ्यायचा, बसायचा.

आईनं हे दारातून पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली.

"विकून टाक हे!"

"कशाला, ताई? मध्ये तिचा नंबर असतो."

पण तो जेवू लागला होता. फोन उचलू लागला होता. आईनं तोंडाला कुलूप घातलं.

मागच्या महिन्यात ती पुन्हा गेली. मामा दार उघडायला आला तो पँटच्या पायांवर पाय देतच. वाळलाय, कंबरेत सैल झाली असेल, असं तिला वाटलं.

व्यायाम सुरू झाला. सेट संपला. मामानं सीट पुसली, खिडकीकडे वळला...

आवाज आला नाही.

आई वाट बघत राहिली. काहीच नाही. सुटलो एकदाचे, असं तिच्या मनात आलं.

मग तिचं सीटकडे लक्ष गेलं. ती आधीपासूनच दुसऱ्या खाचेत होती.

मामा येऊन बसला. गुडघे वर आले नाहीत. पाय जमिनीला नीट टेकले.

"सीट... वर नाही घेतलीस?"

"आता घ्यावी लागत नाही, ताई. दोघांना हीच बसते."

काल त्याचा फोन आला. नेहमीचाच सपाट आवाज.

"ताई, त्या दुकानात विचारशील का? सीट दुसऱ्या खाचेच्या खाली जाते का?"

"का रे?"

"पाय टेकत नाहीत."

आईनं अजून विचारलेलं नाही. मला विचार म्हणते. दुकानाचा नंबर माझ्याकडे आहे. मीही टाळतोय.