पाऊल सरळ होताना

दार खांद्यानं ढकलून ती आत शिरली, ती थेट त्याच्या बादलीवर. कोमट पाणी त्याच्या पायांवर, तिच्या चपलांवर... आणि कुशीतलं बाळ मात्र गाढ झोपेत.

"चला, आज माझेच पाय आधी धुतले गेले," तो म्हणाला. "बाळाची आई?"

"ताईला ताप आहे. मी मावशी."

तो प्लास्टर घालणारा. जन्मतःच पाऊल आत मुडपलेली तान्ही मुलं त्या खोलीत यायची. डॉक्टरीणबाई ते पाऊल हलक्या हातानं थोडं बाहेर वळवून धरायच्या आणि तो बोटांपासून मांडीपर्यंत ओली पट्टी गुंडाळायचा. पुढच्या आठवड्यात ते प्लास्टर काढायचं, पाऊल आणखी जरासं वळवायचं, नवं घालायचं. जोर नाही, घाई नाही. पाऊल जेवढं ऐकेल तेवढंच.

बाळ जागं झालं आणि त्यानं आकांत मांडला. पाय हलला की पट्टी बिघडणार. ती त्याच्या कानाशी वाकली, सुचेल तसं गुणगुणली—

बाळाचं ग पाऊल, कोर वाकली चंद्राची
हळू वळवा ग बाई, वाट पुढं अंगणाची...

रडं थांबलं. पट्टी फिरवणारा हातही थांबला.

"तू कशाला थांबलास? वाळेल ना ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताईचा ताप उतरला, तरी दर आठवड्याला बाळाला घेऊन मावशीच निघायची. "तुला ते प्लास्टर बघवत नाही ना," असं ताईलाच सांगून.

"आज नवी ओवी कुठली?" तो विचारायचा.

"आज घसा बसलाय."

"मग बाळाला करमायचं नाही."

"बाळालाच ना?"

तो मान खाली घालून पट्टी भिजवत राहायचा. कान मात्र लाल. प्लास्टर घट्ट होऊ लागलं की ऊब सुटते. "हात ठेवून बघा," तो म्हणायचा. तिचा तळवा, शेजारी त्याचा... मध्ये बोटभर जागा. ती ऊब तिला घरापर्यंत पुरायची, आणि मग पुढचा आठवडा काही केल्या सरायचा नाही.

पाऊल सरळ होत गेलं. ताई एकदा म्हणालीच, "माझ्या पोराचा पाय सरळ होतोय, आणि तोंड तुझं वाकडं का ग?"

टाचेमागची आखडलेली शीर सोडवायला डॉक्टरीणबाईंनी बारीकसा छेद दिला. वर शेवटचं प्लास्टर. हे आठवड्यात काढायचं नव्हतं. तीन आठवडे ठेवायचं होतं. ते दिवस तिनं खिडकीशी काढले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी.

मग बूट आले. दोन इवले बूट, मधल्या दांडीनं जोडलेले.

"सुरुवातीला दिवसरात्र, मग काही वर्षं झोपेत," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "पट्टा सैल सोडलात तर पाऊल पुन्हा वळेल. पुन्हा प्लास्टर."

पुन्हा प्लास्टर... तिच्या काळजात काहीतरी टुणकन उडी मारून बसलं. लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिनं पट्टा खाचेत नीट बसवला, ओढून पाहिला आणि बाळाच्या गुडघ्याची पापी घेतली.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाळाकडे गेल्या. ती उठली. तो बादली पुसत होता. केव्हाच कोरडी झालेली बादली.

"निघू?" ती म्हणाली.

"हं."

"एवढंच? एरवी बाळाशीसुद्धा चार शब्द बोलता."

त्यानं बादली ठेवली. "काय बोलू? या खोलीत परत या म्हणायचं म्हणजे... याचं पाऊल पुन्हा वाकडं व्हावं म्हणायचं. दर वेळी तोंडाशी आलं. दर वेळी गिळलं."

ती उंबरठा ओलांडून बाहेरच्या बाकापाशी गेली. बाळाला खांद्यावर नीट घेतलं. वळली.

"मग बाहेर येऊन म्हणा."

तो दाराशी आला. घुटमळला. केसांत पांढरी भुकटी, हात ओले.

"आत्ता?"

"मी इतके आठवडे थांबले," ती म्हणाली. "पण बाळाची दुधाची वेळ झालीय."

त्यानं हात शर्टालाच पुसले, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं.